आबांचं मीठ बंद

धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून अभिमन पाटलांना सांगितलं, "आबा, आजपासून मीठ बंद," आणि ते आबांपेक्षा त्यांच्या बायकोनेच, प्रमिलाबाईंनीच, जास्त मनावर घेतलं. त्या बाईंचा स्वभावच तसा. एखादी गोष्ट अर्धीमुर्धी करणं त्यांना ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्या, पायही न धुता ओट्यावरची मिठाची बरणी उचलली आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात, दिवाळीच्या पणत्यांशेजारी, नेऊन ठेवली. त्या दिवसापासून आबांची भाजी वेगळी, वरण वेगळं. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाबरोबर मीठही दळून आणायची घरची रीत होती, तीही मोडली. गल्लीतल्या बायकांना त्या ऐटीत सांगत, "आमना घरमा मीठ बंद शे. डॉक्टरनी सांगं ते सांगं."

तीन वर्षं त्या हेच सांगत राहिल्या. खोटं बोलत होत्या असं म्हणवत नाही, आणि खरं बोलत होत्या असंही म्हणवत नाही.

पारोळ्यापासून सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. घरची शेती, पाणी बरं, मुलगा भूषण पारोळ्याच्या शाळेत शिक्षक. आबांचं वय बासष्ट. या माणसाला जन्मात एकच शौक, तो म्हणजे जेवणाचा. शेवभाजीवर बोटभर तेलाची तर्री दिसली नाही तर ते ताटाकडे संशयाने बघत. अशा माणसापुढे अळणी वांग्याची भाजी आली. चार दिवस त्यांनी ती औषधासारखी गिळली. पाचव्या दिवशी ताट पुढे सरकवलं.

"हाई काय जेवन शे? ढोरेबी तोंड लावतस नही."

आणि ते खरंच उपाशी उठले. संध्याकाळी पुन्हा तेच. नवरा दोन वेळा उपाशी राहिलेला प्रमिलाबाईंना आजवर कधी बघावं लागलं नव्हतं. त्यांनी डबा उघडला, उडदाचा एक पापड काढला, निखाऱ्यावर धरला आणि ताटात ठेवला. "तेवढीच तोंडले चव ई," म्हणाल्या. आबांनी पापड मोडला, भाजीवर चुरला आणि भाकरी संपवली. प्रमिलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

आता हे पापड म्हणजे साधेसुधे पापड नव्हते. चैत्रात त्यांच्या गल्लीत बायका पाळीपाळीने एकेकीच्या घरी पापड लाटायला बसत, आणि कोणाच्याही घरचं पीठ असलं तरी खाराचं पाणी करायला प्रमिलाबाईंनाच बोलावणं येई. पापडखार आणि मीठ पाण्यात उकळायचं, गाळायचं, थेंबभर जिभेच्या टोकावर घ्यायचं. त्यांनी मान हलवली की मगच ते पाणी पिठात जाई. किलोभर पिठाला मीठ किती आणि खार किती, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी बिनचूक सांगितलं असतं. पण ते माप पापडाचं होतं. मीठ म्हणजे बरणीतलं. बरणी तर वरच्या खणात. पापड आणि आबांचं मीठ या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नाहीत. हसावं की रडावं अशी ही चूक, पण ज्या घरात वर्षाचे पापड घरीच होतात त्या घरात ती सहज होते.

एकाचे दोन पापड झाले. अळणी भाजी खातात बिचारे, म्हणून वर मूठभर शेव आली. दुपारच्या चहाआधी बिबडे, म्हणजे ज्वारीचे खारे पापडच, आणि शेंगदाणे. कधी लोणच्याची फोड नको म्हणून नुसताच लोणच्याचा खार. डॉक्टरांनी दर वेळी विचारावं, "मीठ बंद आहे ना?" आणि प्रमिलाबाईंनी छातीठोक सांगावं, "बंद शे." पापडाचं डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही.

वर्षभराने भूषणचं लग्न झालं. सून दिपमाला पहूरची. औषधशास्त्राची पदविका घेतलेली, पारोळ्यात औषधाच्या दुकानात बसायची. सकाळी उठून सगळ्यांचा स्वयंपाक करून, आबांची भाजी बाजूला काढून, नऊच्या गाडीने जायची. मुलगी अबोल, पण डोळे उघडे. महिनाभरात एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, तिने आबांचं ताट बघितलं आणि सासूला हळूच म्हणाली, "अक्का, पापडात पण मीठ असतं. भाजीतल्यापेक्षा जास्त. आणि पापडखारही दाबाला तसाच वाईट."

गल्लीतल्या चार बायका तेव्हा ओसरीवर होत्या. कालची आलेली पोर, आणि पापडाचं गणित मला शिकवते. प्रमिलाबाईंना ते झोंबलं.

"मन्ही सासू नव्वद वरीस जगनी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "रोज दोन पापड खाये. तिले कोनी पुस्तक वाचीसन दाखाडं नही."

बायका हसल्या. दिपमालाने मान खाली घातली, ताट उचललं आणि आत गेली. पुन्हा ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

पण तिचं वाक्य काही आत गेलं नाही. ते प्रमिलाबाईंच्या कानातच राहिलं. दुसऱ्या दिवशी आबांना पापड देताना त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी काय करावं? पापड बंद करायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी तो सून घरात नसताना द्यायला सुरुवात केली. परसातली चूल, दुपारची वेळ. सुट्टीच्या दिवशी सून घरी असली तर आबाच शेतात जायच्या निमित्ताने निघत, आणि रुमालात दोन पापड जात. "दिपमालाले सांगू नको," आबा म्हणत, आणि दोघं म्हातारी शाळेतल्या पोरांसारखी हसत. त्या हसण्याचं प्रमिलाबाईंना पुढे फार वाईट वाटलं. कारण नकळत झालेली चूक त्या दिवशीच संपली होती. जी गोष्ट लपवावी लागते ती काय आहे हे लपवणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

गेल्या पोळ्यानंतर आबांचे पाय सुजायला लागले. भूषण सगळ्यांना गाडीत घालून धुळ्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी हाताला पट्टा दोनदा बांधला, दोनदा सोडला. आकडा काही खाली येईना. पायावर अंगठा दाबला तर खळगा पडत होता आणि भरून यायला वेळ लागत होता.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"लेस ना," आबा म्हणाले.

"मीठ?"

"बंद शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. या वेळी छातीठोक नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी गोळी वाढवतो. पण मला वाटतं घरात यांना कोणीतरी मीठ देतंय. स्वयंपाक कोण करतं?"

"मी," दिपमाला म्हणाली.

परतीच्या वाटेवर भूषण तोंडात येईल ते बोलत सुटला. "औषधाच्या दुकानात बसतेस ना? जगाला शहाणपण शिकवतेस, आणि घरात माझ्या बापाला मीठ खाऊ घालतेस?"

"मी घालत नाही मीठ," दिपमाला म्हणाली.

"मग काय हवेतून येतं?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. आबा पुढे बसले होते. समोरच्या आरशात त्यांची आणि प्रमिलाबाईंची नजर भेटली आणि दोघांनीही ती काढून घेतली. तीन शब्दांचं काम होतं, पापड मी देते. वाटेतलं फागणं गेलं, मुकटी गेलं. प्रमिलाबाई मांडीवरच्या पिशवीचे बंद गुंडाळत बसल्या. आत्ता बोलले तर लेक माझ्यावर ओरडेल, सुनेसमोर ओरडेल, घरी गेल्यावर शांतपणे सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घरी गेल्यावर पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी गोष्ट शिळी झाली होती. तिसऱ्या दिवशी भूषणही विसरल्यासारखा वागत होता, मग कशाला उकरून काढा. त्यांनी दोनाचा एक पापड केला आणि मनाला सांगितलं की आता झालं. पंधरा दिवसांनी आबांनी दुसरा मागितला, तो त्यांनी दिला.

होळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आबा ओसरीवर चहा घेत होते. प्रमिलाबाई समोरच लसूण सोलत होत्या. आबांनी बशी उचलायला उजवा हात पुढे केला आणि तो हात गेलाच नाही. ते हाताकडे नवलाने बघत राहिले. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते बाजेवर कलंडले.

धुळ्याच्या दवाखान्यात सोळा दिवस काढले. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, दाब इतकी वर्षं चढाच राहिला, डोक्यातल्या नसेने किती सोसायचं.

भेटायला भाऊबंद येत. त्यात चुलतभाऊ झुलाल नाना रोजचे. गावात कोणाचं काय चाललंय याचा अर्थ लावून देण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं. एक दिवस खाटेभोवती सात-आठ माणसं होती. दिपमाला औषध घेऊन आत आली. आबांनी डावा हात उचलला, तिच्याकडे बोट केलं आणि मान डावी-उजवीकडे हलवत घशातून आवाज काढायला लागले. बोट तिच्याकडे, मान हलवायची, पुन्हा बोट. चेहरा लाल झाला होता.

झुलाल नाना पुढे सरकले. "दखा, सांगी रायना तो. सुनना हातनं खाईसन हाई व्हयनं, असं सांगी रायना."

कोणी हं म्हणालं, कोणी जीभ टाळ्याला लावून चकचक केलं. भूषणने बायकोकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर प्रमिलाबाईंनी पाहिली. आबा काय सांगत होते हे त्या खोलीत एकाच माणसाला कळलं होतं. हिचा काही दोष नाही, एवढंच ते सांगत होते. ज्याच्यापाशी बोलायला तोंड नव्हतं तो खरं बोलत होता, आणि जिचं तोंड धडधाकट होतं ती गप्प उभी होती. प्रमिलाबाईंना त्या क्षणी आपलीच घृणा वाटली. तरी त्या बोलल्या नाहीत. आता हे सांगायचं म्हणजे, या माणसाला मीच असं केलं, हे सांगायचं होतं.

आबांना घरी आणलं. दिपमालाने दुकानातून रजा घेतली, त्यांना पुसलं, कूस बदलून दिली, भरवलं. बायका दारात उभ्या राहून बघत आणि जाताना आपसांत बोलत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात तशी तीही गेली. भाऊ न्यायला आला होता. चार दिवसांनी परत यायचं. चार दिवस झाले, आठ झाले, पंधरा झाले. भूषण आणायला गेला नाही आणि तिचा फोन आला नाही. "राहू द्या थोडे दिवस," झुलाल नानांनी सल्ला दिला. सल्ला द्यायला त्यांचं काय जात होतं.

आबा दाराकडे बघत पडलेले असत. प्रमिलाबाई सांगत, "माहेर गयी शे. ई." पंधराव्या दिवशी दुपारी त्या दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन बसल्या. आबांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. मग बोट दाराकडे केलं, मग प्रमिलाबाईंकडे. पुन्हा दाराकडे, पुन्हा त्यांच्याकडे. डोळ्यांत पाणी होतं. वाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला आबांजवळ बसवून प्रमिलाबाई पहिल्या बसने निघाल्या. एरंडोल, जळगाव, तिथून दुसरी बस, नेरी, पहूर. एवढा प्रवास एकटीने त्यांनी कधी केला नव्हता. रस्ताभर त्या एकच वाक्य मनात घोळवत होत्या आणि प्रत्येक वेळी ते मध्येच तुटत होतं.

दिपमालाचे वडील शालिग्राम दारातच होते. "या, विहीणबाई," ते म्हणाले. आवाजात मान होता, पण ऊब नव्हती. पाणी पुढे आलं. प्रमिलाबाईंनी तांब्याला हात लावला नाही. दिपमाला आतून येऊन चौकटीला टेकून उभी राहिली होती.

"पहिले माले बोलू द्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आबाले पापड मीच दिधात. तीन वरीस. लपाडीसन दिधात. हाई पोरनी एक दानाबी मीठ घालं नही. गाडीमा माले बोलानं व्हतं, मी चूप बसनू. दवाखानामा आबा हिनीच बाजू ली रायना व्हता. ते माले समजनं, तरी मी चूप बसनू." मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या.

कोणी जाऊ द्या म्हणालं नाही. दिपमाला म्हणाली, "मला माहीत होतं, अक्का."

प्रमिलाबाईंनी मान वर केली.

"संध्याकाळी घरी आले की परसात भाजलेल्या उडदाचा वास असायचा. राखेत जळक्या कडा असायच्या."

"मंग बोलनी काबर नही?"

"एकदा बोलले होते," दिपमाला म्हणाली.

दिपमाला चौकट सोडून खाली बसली. "पुन्हा बोलायला हवं होतं. भांडायला हवं होतं. दुकानात मी दिवसभर लोकांना सांगायचे, काका, पापड-लोणचं सोडा. आणि घरी येऊन गप्प बसायचे. म्हटलं, मला हसले ना, मग मला काय करायचंय. यांनी गाडीत मला नाही-नाही ते ऐकवलं, तेव्हाही मी तुमचं नाव घेतलं नाही. वाटलं, किती मोठं मन माझं. मोठं कसलं, अक्का. मी तेव्हा नाव घेतलं असतं तर आबांचा पापड त्याच दिवशी बंद झाला असता. हे आठवलं की घास उतरत नाही."

"तवय बंद व्हता ते आबा चांगला राहता का?" प्रमिलाबाईंनी विचारलं. एवढ्या वाटेवर त्या हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या.

दिपमालाने खोटा धीर दिला नाही. "ते कोणालाच सांगता येणार नाही. पण गोळ्यांना त्यांचं काम करता आलं असतं. आपण करू दिलं नाही."

शालिग्राम इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "विहीणबाई, हे जावईबापूंना सांगितलंत का?"

"नही."

"मग आधी त्यांना सांगा. माझी लेक इथे राहिली ती तुमच्यामुळे नाही, त्यांच्या बोलण्यामुळे."

दिपमालाच्याच फोनवरून त्यांनी भूषणला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "अक्का, मग त्या दिवशी गाडीत तू का बोलली नाहीस?"

"हिंमत व्हयनी नही, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि फोन सुनेच्या हातात दिला.

भूषण होता तिथून तसाच गाडी घेऊन पहूरला आला. सासऱ्यांसमोर मान खाली घालून चहा प्याला. माफी मागायची कशी हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. परतीच्या रस्त्यावर त्याने दिपमालाला पाच-सहा वेळा विचारलं, खिडकी लावू का, ऊन लागतंय का. तिने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. पाचव्या-सहाव्या वेळी जरा मऊ आवाजात म्हटलं. "मी आबांसाठी येतेय," एवढं मात्र तिने स्पष्ट सांगितलं, आणि मागच्या सीटवर प्रमिलाबाईंनी मान हलवली. त्यांना तेवढंही पुष्कळ होतं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा ओसरीवर बाजेवर उशांना टेकून बसवलेले होते. झुलाल नाना शेजारी होते, ते सुनेला बघून उठून उभे राहिले. प्रमिलाबाई चप्पल न काढता त्यांच्यासमोर गेल्या. "नाना, तुम्ही उलटं समजनात. आबाले पापड मीच खावाडेत. सुननी काहीच कयं नही. गावमा सांगा आते, जसं ते सांगं तसं हाईबी सांगा." नाना आपल्या चपला शोधायला लागले.

दिपमाला बाजेजवळ जाऊन उभी राहिली. "आबा, मी आले."

आबांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी डावा हात छातीपाशी आणला, बोटं सरळ केली आणि तो हात तिथेच धरून थांबले. कोणाला काही कळेना. ते खाली आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर पडून होता. त्यांना सुनेपुढे हात जोडायचे होते, आणि दुसरा हात येत नव्हता.

"आबा, नका हो," दिपमाला म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

प्रमिलाबाई बाजेवर टेकल्या. त्यांनी आबांचा उजवा हात मांडीवरून उचलला, डाव्या हाताला नेऊन लावला आणि ते दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले.